तिळाएवढी सिलिका

आमच्या प्रयोगशाळेत एका बाटलीला सगळे ‘अमेरिकन’ म्हणायचे. बोटभर उंचीची काचेची बाटली, आत करडी पूड, चुलीतल्या राखेहून बारीक. लेबलावर ‘बीसीआर-१’ एवढंच. ती लोखंडी कपाटात प्लॅटिनमच्या मुशींशेजारी कुलपात असायची आणि किल्ली मोठ्या सरांच्या टेबलाच्या खणात. १९७९ मध्ये नागपूरच्या त्या प्रयोगशाळेत मी रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमचे भाऊ, म्हणजे भांडी घासण्यापासून भट्टी सांभाळण्यापर्यंत सगळं करणारे परिचर, मला म्हणाले होते, “मूस हरवली तर सर रागावतील बाई, पण अमेरिकन सांडली तर जेवणार नाहीत.”

खरं तर तो साधा काळा दगड. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या खोऱ्यात, लाव्ह्याचे थरावर थर पडलेले आहेत. आपल्या सह्याद्रीसारखेच, फक्त वयाने बरेच धाकटे. आपला दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तिकडचा दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा. तिथल्या एका खाणीतला बेसाल्ट अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने साठच्या दशकात फोडला, दळला, एकजीव केला आणि बाटल्यांत भरून जगभर वाटला. चंद्रावरून आलेल्या दगडांचं पृथक्करण झालं, तेव्हाही कित्येक प्रयोगशाळांनी पडताळ्यासाठी हीच पूड शेजारी ठेवली होती. अशा पुडीचा उपयोग एवढाच, की अनोळखी दगड तपासताना अधूनमधून हिलाही तपासायचं आणि आपलं उत्तर छापील उत्तराशी जुळतं का ते बघायचं. वाण्याच्या वजनावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो, तसा हा आमचा शिक्का.

छापील उत्तर होतं सिलिका ५४.५० टक्के. फ्लॅनगन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये अशा सगळ्या संदर्भ-खडकांच्या आकड्यांची यादी प्रसिद्ध केली होती. सरांनी ती स्वतःच्या सुबक अक्षरात पुठ्ठ्यावर उतरवून तराजूच्या खोलीत टांगली होती, शाळेत पाढ्यांचा तक्ता टांगतात तशी. त्या पुठ्ठ्याकडे बघूनच आम्ही वजनं करायचो. ही खोड वाईट होती, हे मला फार उशिरा कळलं.

सिलिका मोजण्याची जुनी रीत ज्यांनी हाताने केलेली नाही, त्यांना ती सांगून खरी वाटत नाही. एक ग्रॅम पूड, तिच्या पाच-सहापट सोडियम कार्बोनेट, दोन्ही प्लॅटिनमच्या मुशीत कालवून बर्नरवर धरायचं. मूस लालबुंद झाली की आतला ऐवज गुळाच्या पाकासारखा पातळ होतो. मूस चिमट्यात धरून हलकेच फिरवायची, म्हणजे पाक कडेने पसरून निवतो आणि वडी सुटून येते. ती वडी हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली की फसफसून विरघळते आणि मग ते पाणी वॉटर बाथवर आटवत ठेवायचं. तासन् तास. आटत आटत त्याची आधी पेज होते, मग खळ, मग कोरडी पिवळट खपली. ती खपली ओव्हनमध्ये एकशे दहा अंशाला शेकली की सिलिका पाण्यात न जाण्याइतकी हट्टी होते, बाकीचं सगळं मात्र आम्लात परत विरघळतं. गाळायचं, गरम आम्लाच्या पाण्याने धुवायचं, भांड्याला चिकटलेला शेवटचा कण काचकांडीच्या रबरी टोकाने पुसून घ्यायचा. त्या रबरी टोकाला सगळ्या जगातल्या प्रयोगशाळा ‘पोलिसमन’ म्हणतात. का म्हणतात, देव जाणे. पण कोपऱ्याकोपऱ्यातून पळालेल्यांना गोळा करणं हेच त्याचं काम.

गाळलेलं पाणी टाकायचं नाही. त्यात थोडी सिलिका निसटलेली असतेच, म्हणून ते पुन्हा आटवायचं, पुन्हा शेकायचं, पुन्हा गाळायचं. मग दोन्ही गाळणकागद मुशीत घालून आधी पेट घेऊ न देता करपवायचे आणि शेवटी हजार अंशांच्या वर तापवायचे. हाती राहते ती शुभ्र भुकटी, इतकी हलकी की सुस्कारा टाकला तरी उडेल. वजन करायचं.

आणि एवढं जपून जमवलेलं ते सगळं पुढच्या पायरीला घालवायचं. भुकटीवर गंधकाम्लाचे दोन-चार थेंब आणि हायड्रोफ्लुओरिक आम्ल. काच खाणारं हे आम्ल प्लास्टिकच्या बाटलीत येतं, मला पहिलं वर्षभर त्या बाटलीची भीती वाटायची. मुशीतल्या ढिगाचा रंग बदलत नाही, आवाज होत नाही. तो नुसता खचत जातो आणि सिलिका वायू होऊन धुराड्यातून निघून जाते. तळाशी लोह-ॲल्युमिनाचा लालसर पुसट डाग उरतो. मूस पुन्हा तापवायची, पुन्हा वजन करायचं. पहिल्या वजनातून दुसरं वजा. जे गेलं, ती सिलिका. माझ्या सासूबाईंना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे माणूस गेल्यावर त्याची किंमत कळते, तसंच की.” मी हसले होते.

माझी बीसीआर-१ ची पहिली उत्तरं ५३.८१ आणि ५३.८६ आली. छापील आकड्याहून साधारण दोन-तृतीयांश टक्क्याने कमी. पण बेरीज बघितली तर ९९.९. सगळे ऑक्साइड मिळून शंभराच्या इतकं जवळ आलं म्हणजे काम चोख, अशी माझी कॉलेजातली शिकवण. मी ऐटीत वही सरांपुढे ठेवली. सरांनी सिलिकेच्या रकान्याकडे बघितलंही नाही, थेट ॲल्युमिनावर बोट ठेवलं. तिथे माझा आकडा १३.८८ होता, पुठ्ठ्यावर १३.६ च्या घरात.

“तुमची सिलिका कुठे गेली ते दिसलं का?”

नव्हतं दिसलं. दोनदा आटवूनही जी थोडी सिलिका पाण्यात राहते, ती पुढे अमोनिया घातल्यावर लोह आणि ॲल्युमिनाच्या चोथ्यासोबत खाली बसते. त्या काळी ॲल्युमिना थेट मोजत नसत; चोथ्याच्या एकूण वजनातून लोह, टायटॅनियम, फॉस्फरस वजा करून जे उरेल तो ॲल्युमिना. म्हणजे चोरटी सिलिका बिनबोभाट ॲल्युमिनाच्या नावावर जमा. एका खिशातून दुसऱ्या खिशात. बेरीज जिथल्या तिथे.

मग सरांनी कपाटातून एक पिवळी पडलेली पुस्तिका काढली, अमेरिकी सर्वेक्षणाची १९५१ ची, ९८० क्रमांकाची. फेअरबेर्न आणि सहकाऱ्यांची. त्या मंडळींनी दोन खडकांची पूड, ऱ्होड आयलंडचा एक ग्रॅनाइट आणि व्हर्जिनियाचा एक डायबेस, जी-१ आणि डब्ल्यू-१, नावाजलेल्या प्रयोगशाळांना पाठवली आणि प्रत्येकीला सांगितलं, तुमच्या पद्धतीने मोजा. सगळ्यांची पूड एकच, पद्धतही बहुतेकांची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. उत्तरं मात्र अशी फाकली की खडकांच्या पृथक्करणावर विसंबलेल्या लोकांची झोप उडाली. खरं उत्तर कोणाला माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी पुढे ठरावीक प्रमाणात ऑक्साइड वितळवून ग्रॅनाइटच्या जातीची एक काच मुद्दाम बनवली. तिच्यात सिलिका किती, हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. तिच्या पृथक्करणात दिसलं ते हेच: सिलिका कमी येण्याचा कल, ॲल्युमिना जास्त येण्याचा.

“हिलब्रँडचं खडक-पृथक्करणाचं पुस्तक वाचून काम करणाऱ्यांचं हे झालं,” सर म्हणाले, “मग तुमचं झालं त्यात नवल काय?” सरांची रागवण्याची पद्धत अशी होती. शिवी खाल्ल्यासारखं वाटायचं आणि पाठ थोपटल्यासारखंही.

मी चोथा पोटॅशियम पायरोसल्फेटमध्ये वितळवला, गंधकाम्लाचा पांढरा धूर येईपर्यंत आटवला, आणि तळाशी खरोखरच पांढरे तंतू तरंगताना दिसले. दोन मिलिग्रॅमहून थोडे जास्त. ते मिळवल्यावर आकडे ५४.०५, ५४.०९, ५४.११ असे येऊ लागले. सरासरी ५४.०८. ॲल्युमिनाही खाली उतरला. त्या दिवशी भाऊंनी सगळ्यांना तर्री-पोहे आणले, पैसे सरांनी दिले.

पण पुठ्ठा म्हणत होता ५४.५०.

उरला ०.४२ टक्का. एक ग्रॅममध्ये चार मिलिग्रॅम. तिळाचा एखाद-दुसरा दाणा. आठ महिने मी तो तीळ शोधत होते. मुशीच्या कडेला चिकटतो का? वडी सुटताना उडतो का? कागद करपताना हवेच्या झोताबरोबर जातो का? मे महिन्यात दारांना वाळ्याचे ताटवे आणि खिडकीत कूलर, सगळी खोली दमट. तापवलेली सिलिका ओल पटकन धरते; वजन वाढेल की काय म्हणून वजन करताना कूलर बंद. घाम तराजूवर पडू नये म्हणून कपाळाला फडकं. आकडा तसूभर हलला, पण वर नाही, खालीच. अकीकाच्या खलात पूड जास्त घोटली तर अकीकच झिजून सिलिका वाढते, कारण अकीक म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. एकदा हताश होऊन मी मनात म्हटलं, चला, चांगली अर्धा तास घोटते. घोटली नाही. पण मनात आलं होतं, हे लिहायला हवं.

दरम्यान बाहेरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी खडकातले घटक मोजणारं यंत्र होतं. त्यांना आम्ही पूड पाठवली. पंधरा दिवसांत टंकलेखित उत्तर आलं: ५४.४७. सर ते पत्र हातात घेऊन बराच वेळ खिडकीपाशी उभे राहिले. मला रडू येईल असं वाटत होतं. माझा हात, माझे डोळे, माझी आठ महिन्यांची रात्रपाळी एका बाजूला आणि यंत्राचा एक आकडा दुसऱ्या बाजूला.

त्या यंत्राबद्दल आज जे सांगावंसं वाटतं ते तेव्हा आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. एक्सआरएफ स्वतःहून काही मोजत नाही. त्याला आधी ओळखीचे दगड दाखवून शिकवावं लागतं, की एवढी चमक म्हणजे एवढी सिलिका. त्या लोकांनी ते कशावर शिकवलं होतं? आमच्याच पुठ्ठ्यावरच्या यादीवर, त्याच बाटल्यांवर. म्हणजे आम्ही आरशाला विचारत होतो की आमचा चेहरा खरा आहे का, आणि आरसा म्हणत होता, हुबेहूब.

शेवटी बैठक झाली. बैठकीत ठरलं की आमची पद्धत ‘किंचित कमी दाखवते’. यापुढे प्रत्येक नमुन्याच्या सिलिकेला १.००७८ ने गुणायचं. नोंदवहीत ‘सुधारित’ असा नवा रकाना आखला गेला, लाल शाईत. मी विरोध केला नाही. केला असता तरी सत्तावीस वर्षांच्या मुलीचं कोण ऐकणार होतं, असं पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं होतं. आता ‘अमेरिकन’ रोज ५४.५० यायची. गुणाकार केल्यावर येणारच.

तीन वर्षं आम्ही गुणत होतो.

अर्धा टक्काही नाही, एवढ्याने काय बिघडतं? बहुतेक दगडांचं काहीच बिघडलं नाही. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड असो की घाटातला, दख्खनच्या बहुतेक लाव्ह्यात सिलिका ४८ ते ५१ च्या आसपास. तिथे गुणले काय, न गुणले काय, बेसाल्ट तो बेसाल्टच. पण भूवैज्ञानिक बेसाल्टची हद्द ५२ टक्क्यांपाशी आखतात. तिच्या पलीकडचा तो बेसाल्टिक ॲन्डेसाइट, आणि नाव बदललं की त्याच्या जन्माची गोष्टही वेगळी सांगावी लागते: लाव्हा वर येताना वाटेतल्या कवचाचा काही भाग वितळवून आला का, खाली किती काळ मुरला, वगैरे. सातपुड्याच्या बाजूच्या एका डाइकचे, म्हणजे भेगेत शिरून थिजलेल्या लाव्ह्याच्या भिंतीचे, नमुने आमच्याकडे आले होते. माझं मोजमाप ५१.८०. लाल शाईत ५२.२०. तो डाइक बेसाल्ट म्हणून आमच्या दारात आला आणि ॲन्डेसाइटचं नाव घेऊन गेला.

१९८५ च्या हिवाळ्यात ग्रंथालयात ‘जिओस्टँडर्ड्स न्यूजलेटर’ या फ्रान्समधून निघणाऱ्या नियतकालिकाचा एक जाडजूड अंक आला, वर्षभर उशिराने. गोविंदराजू या नॅन्सीच्या शास्त्रज्ञाने जगभरच्या संदर्भ-नमुन्यांचे आकडे गोळा करून, चाळून पुन्हा मांडले होते. नाव आपल्याकडचं वाटल्याने मी अंक उघडला, एवढंच. बीसीआर-१ च्या ओळीवर बोट ठेवलं. सिलिकेचा आकडा आता ५४.५० नव्हता. ५४.१ च्या घरात होता.

दगड तोच होता, पुडीला काही झालं नव्हतं. अनेकांच्या मोजमापांतून काढलेला शिफारशीचा आकडा तेवढा खाली आला होता. आम्ही तो आकडा असा वापरला, जणू तो खाणीतूनच दगडावर कोरून आला होता. शेवटी तोही माझ्यासारख्याच कोणाकोणाच्या वॉटर बाथवरून, कोणाकोणाच्या यंत्रातून जमलेला. आम्ही बैठक घेऊन आमची सिलिका वाढवली, तशीच आणखी कुठे कोणी वाढवली असेल आणि ते ‘सुधारित’ आकडे फिरून अशाच एखाद्या सरासरीत जाऊन बसले असतील, तर? तो विचार मनात आला आणि मी अंक मिटला.

सरांना अंक दाखवायला मी दोन दिवस घेतले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, ओळ वाचली. “५४.०८,” ते म्हणाले. माझा जुना आकडा त्यांना तोंडपाठ होता. मग स्वतः उठून त्यांनी भिंतीवरचा पुठ्ठा उतरवला. त्या जागी भिंतीवर चौकोनी स्वच्छ डाग राहिला, बाकी भिंत धुराने पिवळी पडलेली. नवा पुठ्ठा त्यांनी कधीच टांगला नाही. वजन करताना उत्तर डोळ्यांसमोर नको, असं काहीतरी पुटपुटले. माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, कोण जाणे.

त्यांच्यावर मी रागावू शकले नाही. अर्धी लढाई त्यांनीच मला शिकवली होती. ॲल्युमिनाच्या खिशातली सिलिका त्यांनी दाखवली नसती, तर मी ५३.८१ आणि ९९.९ ची बेरीज मिरवत बसले असते. त्यांची चूक एवढीच, की एकदा चोर सापडल्यावर दुसराही चोर असणारच, असं त्यांनी धरलं. १९५१ ची ती पुस्तिका सांगत होती की जुन्या पद्धतीत सिलिका कमी येते, आणि आमची कमी येत होती. इतकं चपखल बसणारं कारण हाती आल्यावर ते सोडून कोण पुढे शोधतं?

एक गोष्ट मात्र अजून सलते. हेन्री वॉशिंग्टन नावाच्या अमेरिकी पृथक्करणकाराने १९२२ मध्ये दख्खनच्या लाव्ह्यावर एक लेख लिहिला होता, स्वतः केलेल्या पृथक्करणांसह. आमच्याकडे त्याची प्रत होती. लाल शाईच्या त्या तीन वर्षांत मी एकदा वॉशिंग्टनचे आकडे आणि आमचे आकडे शेजारी मांडले होते. आमचे थोडे जास्त होते. तेव्हा मी खुशाल म्हटलं होतं, बिचारा, जुन्या काळचा माणूस, सिलिका निसटली असेल त्याची.

ज्यांना गुणलेले आकडे गेले होते, त्या सगळ्यांना आम्ही सुधारणेचं पत्र पाठवलं. पत्राचा मसुदा मी केला, सरांनी ‘दिलगिरी’ हा शब्द दोनदा घातला. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. डाइकवाल्या भूवैज्ञानिकाने दिलं. पोस्टकार्डावर, चार ओळी: आपलं पत्र मिळालं, आभारी आहे, परंतु नकाशा छापून झाला आहे.

पुढच्या मे महिन्यात मी तो डाइक पुन्हा मोजला, कोणी सांगितलं नसताना. ५१.७६. अमेरिकनही सोबत लावायची होती, पण बाटली उपडी करून चकचकीत कागदावर ठोकली तेव्हा जेमतेम ०.६१ ग्रॅम निघाली. भाऊ शेजारी उभे होते. “संपली वाटतं,” म्हणाले. मी अर्धा ग्रॅम घेतली. उत्तर ५४.१३ आलं. उरलेली बाटलीत परत टाकली आणि कपाटाला कुलूप लावलं.

तो नकाशा मी नंतर पाहिला, एका कार्यालयाच्या जिन्यात, काचेच्या चौकटीत. बेसाल्टला हिरवा रंग, त्यातून डाइकच्या बारीक रेघा, त्याही हिरव्या, गडद. एक तेवढी जांभळी आहे. नखाच्या लांबीएवढी.